ब्लास्फेमी म्हणजे नेमकं काय आणि हा शब्द आला कुठून?
मूळ ग्रीक शब्द, ब्लास्फेमिया. आधी त्याचा अर्थ कुणाबद्दलही वाईटसाईट बोलणं असाही व्हायचा, मग ख्रिश्चन धर्मात तो मुख्यतः देवाच्या निंदेसाठी वापरला जाऊ लागला, आपण ईशनिंदा म्हणतो ते हेच. पण शब्दापेक्षा त्यापायी गेलेले जीव बघा. एडिनबर्गचा थॉमस एकनहेड, २० वर्षांचा स्टुडंट, थंडीत चर्चवरून जाताना म्हणाला की नरकात असतो तर बरं, ऊब तरी मिळाली असती. असे बरेच आरोप लागले, सोबतच्या पोरांनीच साक्षी दिल्या आणि ८ जानेवारी १६९७ ला फाशी! वाचून पोटात कालवतं खरंच. इंग्लंडने हा गुन्हा रद्द केला तो थेट २००८ मध्ये. आपल्याकडे १९२७ पासून कलम २९५अ होतं, मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं, ते आता न्याय संहितेत २९९ झालंय.