वाचकांचे प्रश्न : एका तालुक्यात किती सीमा?

प्रश्न : आठवीला ‘जगातील सांस्कृतिक प्रदेश’ शिकवताना दोन नकाशे काढले. एकात सुदान अरब जगात, दुसऱ्यात आफ्रिकेच्या रंगात. खरा कोणता? मुलांकडून आपल्या तालुक्याचा असा नकाशा करून घ्यायचा तर कसा?
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : नकाशे दोन्ही बरोबर, निकष वेगळे. बाजारातली अरबी मोजली तर सुदान कैरोच्या रंगात जातो. घरात नुबियन, फूर, बेजा बोलणारे मोजले तर तो रंग विरतो. क्लार्क विस्लर या मानववंशशास्त्रज्ञाने 1917 मध्ये अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे प्रदेश पाडले ते अन्नावरून : सामन माशाचा, बायसनचा, मक्याचा. भाषा धरली असती तर त्याच जमिनीवर वेगळाच नकाशा उमटला असता. म्हणून नकाशाखाली ‘कशावरून’ हे लिहिलेले नसेल तर तो मुलांना दाखवूच नये, असे आमचे मत.

तालुक्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा घ्या. त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. 20 ते 25 गावे निवडा, त्यातली निम्मी तरी डांबरी रस्त्यापासून आत असू द्या. सगळी रस्त्याकाठची घेतलीत तर हाती बाजारची बोली लागते, गावची नाही. मग पाचच गोष्टी विचारा : घरात मुलांशी कोणती भाषा, रोजच्या ताटात भात की जोंधळ्याची भाकरी, जुने घर कौलारू की माळवदाचे, आठवडी बाजार कुठला, वर्षाची जत्रा कुठली. बोलीसाठी एकच वाक्य पुरते. ‘काय करतोस’ म्हणतात की ‘काय करूलैस’, ते ऐकून टिपायचे. थेट विचारले की माणूस पुस्तकी उत्तर देतो.

प्रत्येक गोष्टीला वेगळा बटर पेपर लावा. जिथे उत्तर बदलते त्या दोन गावांच्या मधून रेघ ओढा आणि शेवटी पाचही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा. रेघा जिथे दाटतात तिथे खरी सीमा. जिथे त्या पसरतात तो संक्रमणाचा पट्टा, आणि आपल्याकडे बहुधा हा पट्टाच मोठा निघेल. भात-भाकरीची रेघ पावसामागे जाते. पश्चिमेकडे घाटाचा पाऊस, म्हणून भात. पूर्वेला रामदुर्ग-अथणीकडे कोरडे, म्हणून जोंधळा. भाषेशी तिचा संबंध नाही. जत्रेची रेघ तर भाषेची रेघ सरळ ओलांडते. सौंदत्तीची यल्लम्मा आणि चिंचलीची मायाक्का कर्नाटकात असल्या तरी कोल्हापूर-सांगलीकडून माणसे येतातच.

चुका ठरलेल्या आहेत. शाळेचे माध्यम हीच घरची भाषा धरली जाते. फक्त कट्ट्यावरच्या पुरुषांना विचारले जाते. दुसऱ्या गावाहून सून म्हणून आलेल्या बाईने घरात बोली आणि चव दोन्ही आणलेली असते, ती सुटते. सर्वांत वाईट म्हणजे ज्या गावात शंभरात 51 जण एक भाषा बोलतात ते गाव पूर्ण एका रंगात भरणे. तिथे रंग भरू नका. वर्तुळ काढा, त्याचे भाग पाडा आणि दोन्ही भाषा घरात चालणाऱ्यांना तिसरा भाग द्या.

हा तिसरा भाग किरकोळ नसतो. सांगलीजवळच्या कुपवाडवर गंपर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांचा अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नड, मराठी आणि उर्दू तिथे शेजारी नांदत होत्या. शब्द आपापले राहिले, पण वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत उतरवता येई. मराठीत ‘नदी आली’ऐवजी ‘नदी आलं’ अशी कन्नड वळणाची नपुंसकलिंगी रूपेही होती. असे गाव कोणत्या रंगात घालणार?

प्रश्न : खानापूर-हल्याळ भागातले सिद्दी आफ्रिकन सांस्कृतिक प्रदेशाचे मानायचे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मूळ पूर्व आफ्रिकेचे, प्रदेश मात्र इथला. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी बरेच घाटावरच्या रानात आले. आज त्यांची बोली कोकणी-मराठीच्या घराण्यातली आहे, बाहेर कन्नड चालते. धर्माने काही हिंदू, काही मुसलमान, काही ख्रिस्ती. त्यांच्यात दमामी ढोलावरचा नाच आहे, आणि जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ही, जी आपल्या वाकळेची सख्खी बहीण. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव-धारवाडकडच्यांना बराच उशिरा. वंश, भाषा आणि धर्म अशा तीन वेगळ्या कागदांवर ते तीन वेगळ्या ठिकाणी पडतात. चेहरा पाहून रंग देऊ नका.

प्रश्न : आई कोकणी, वडील मराठी, शाळा कन्नड. जनगणनेत मुलाची मातृभाषा काय लिहायची?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : 2011 च्या सूचनांप्रमाणे, लहानपणी आई त्याच्याशी जी भाषा बोलली ती. आई कोकणी बोलली असेल तर कोकणी, मराठीच बोलली असेल तर मराठी. आई लहानपणीच वारली असेल तर तेव्हा घरात मुख्यतः चालणारी भाषा. शाळेचा इथे संबंध नाही. एका घरात दोन मातृभाषा चालतात, म्हणून सगळ्यांची एकदम सांगू नका, प्रत्येकाची वेगळी सांगा. मातृभाषेशिवाय आणखी दोन भाषा नोंदवता येतात. लिहिता-वाचता आले नाही तरी समजून बोलता आले की पुरे. कन्नड तिथे येईल. अनेकजण हा रकाना रिकामा सोडतात, आणि मग आकड्यांत दुभाषी माणूस एकभाषी ठरतो. प्रगणकाने पेन खाली ठेवण्याआधी त्याला तो भरायला सांगा.