कास्ता दिवा कुणासाठी लिहिलं होतं?

प्रश्न : मी तीन वर्षं नाट्यसंगीत शिकतेय. खालच्या सुरांत माझा आवाज भरदार लागतो पण वर गेला की त्याचा पोतच बदलतो, जणू दुसरीच बाई गातेय, म्हणून सोसायटीच्या गणपतीत गायचं टाळते. परवा मुलीने यूट्यूबवर 'कास्ता दिवा' ऐकवलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. हे ज्या गायिकेसाठी लिहिलं तिचा आवाज किती निर्दोष असेल! कोण होती ती?
(एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : ताई, निर्दोष अजिबात नव्हता, म्हणून तर तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. तिचं नाव जुदित्ता पास्ता, इटालियन ऑपेरा गायिका (ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक), जन्म 1797चा, मिलानजवळच्या सारोन्नो गावातला. 1817 मध्ये लंडनला गायली तेव्हा कुणी फारशी दखलच घेतली नाही, मग ती इटलीत परत आली, पुन्हा शिकायला बसली, आणि 1821 मध्ये पॅरिसला संगीतकार रॉसिनीच्या 'ओतेल्लो' ऑपेरात नायिका डेस्डेमोना म्हणून उभी राहिली तेव्हा सगळं पॅरिस वेडं झालं.

आवाज मात्र एकसंध नव्हताच, आणि सूरही कधीकधी हलायचा. फ्रेंच लेखक स्तांदालने 1824 च्या रॉसिनीवरच्या पुस्तकात लिहिलंय की तिचा आवाज एकाच धातूचा ओतलेला नाही, आणि ह्यातूनच ती भाव उभा करते. म्हणजे ज्याला तुम्ही पोत बदलणं म्हणताय ना, तेच ती कामाला लावायची, दुःख एका रंगात आणि संताप दुसऱ्या.

इटालियन संगीतकार बेल्लिनीने तिच्यासाठी 1831 मध्ये आधी 'ला सोनांबुला' आणि मग 'नोर्मा' ऑपेरा लिहिला, जसं भास्करबुवा बखल्यांनी बालगंधर्वांचा गळा ओळखून 'स्वयंवर'च्या चाली बांधल्या तसंच काहीसं. 'कास्ता दिवा' म्हणजे पवित्र देवते, नोर्मा ही पुजारीण चंद्राला आळवते ते गाणं. पास्ताला ते आपल्या गळ्याचं वाटेना, तेव्हा बेल्लिनी म्हणाला की आठवडाभर रोज सकाळी गाऊन बघा, तरी नाही पटलं तर मी बदलतो. तिने गायलं, आणि पटलं! नंतर तिने त्याला दिवा आणि फुलं भेट पाठवली, सोबत चिठ्ठी की रात्री ह्या दिव्याने आणि दिवसा ह्या फुलांनी माझा रियाज पाहिलाय. एवढी मोठी गायिका, पण भीती तिलाही होती.

26 डिसेंबर 1831 रोजी 'नोर्मा'चा मिलानच्या ला स्काला नाट्यगृहातला पहिला प्रयोग पडला, मग पुढच्या प्रयोगांत लोकांनी तो डोक्यावर घेतला.

तिचं रेकॉर्डिंग कुठेच मिळणार नाही, ती 1865 मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी ब्लेवियोला वारली आणि फोनोग्राफ आला 1877 ला. पण 1850 मध्ये लंडनला ती शेवटची गायली तेव्हा आवाज पार गेलेला होता, तरी श्रोत्यांत बसलेली मोठी गायिका पॉलीन व्हियार्दो म्हणाली की हे दा विंचीच्या 'लास्ट सपर'सारखं आहे, चित्र खराब झालंय पण जगातलं सगळ्यात थोर चित्र आहे.

आणि हे नक्की वाचा : बेल्लिनीच्या हस्तलिखितात ते गाणं जी मध्ये आहे पण गातात बहुतेक एफमध्ये, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी पाचऐवजी पांढरी चार. तुम्हीही गुरुजींना विचारून पट्टी एक सूर उतरवा, आठवडाभर रोज सकाळी गाऊन बघा, आणि गणपतीत काय गायलात ते कळवा.