छोट्या बेटावरच्या लोकांच्या आयुष्यावर रेडिओ माहितीपट कसा करावा? परवानग्या काय लागतात आणि तो ऐकवायचा कुठे?

पहिली गोष्ट, निवेदक ठेवू नका. बाकीचं नंतर.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की डोक्यात घारापुरी, म्हणजे एलिफंटा बेट, आहे आणि ‘लेण्यांच्या पार्श्वभूमीवर गावकऱ्यांचं जीवन’ मांडायचंय. ही ओळ वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यांना तुमची गरज नाही. त्रिमूर्तीसमोर फोटो काढून परतणाऱ्यांपैकी शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही नावं किती जणांना ठाऊक असतात? तीन गावं आहेत तिथे. तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबईच्या नाकासमोर असून मुंबईची नाहीत. लेणी एका वाक्यात उरका आणि गावात शिरा.

नव्वदच्या दशकात मी एका रेडिओ केंद्रावर कॅज्युअल होतो, म्हणजे नोकरी कायमची नाही, बोलावतील तेवढ्याच ड्यूट्या. नाव सांगत नाही. घारापुरीवर अर्ध्या तासाचं रूपक, म्हणजे रेडिओवरचा माहितीपटच, करायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं, कारण कायमच्या नोकरीतल्या ज्याचं ते काम होतं त्याला बोट लागायची. खांद्याला ऊहर कंपनीचा टेपरेकॉर्डर, शबनममध्ये पाच इंची स्पूल, म्हणजे टेप गुंडाळलेली चाकं. एक स्पूल पंधरा-सोळा मिनिटांत संपायचा, त्यामुळे समोरचा रंगात आला की आपलं अर्धं लक्ष फिरत्या चाकाकडे.

दिवसभर जे मिळालं ते सगळं फुकट गेलं. दिवसा त्या बेटावर जो बोलतो तो काहीतरी विकत असतो. पायऱ्यांवरचे स्टॉलवाले, डोलीवाले, गाईड, डोक्यावर हंड्यांची उतरंड घेऊन फोटोला उभ्या राहणाऱ्या बाया. प्रत्येकाचं पर्यटकासाठी घासून गुळगुळीत झालेलं एक वाक्य तयार. त्यात वाईट काही नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण तेवढंच टेपवर घेतलंत तर तुम्हीही गिऱ्हाईकच.

संध्याकाळची शेवटची लाँच सुटली आणि माणसांचे आवाजच बदलले. तेव्हा बेटावर वीज नव्हती, डिझेलवरचा जनरेटर होता. अंधार पडताना सुरू व्हायचा आणि तीनेक तास चालायचा. पोरांचा अभ्यास, भाकऱ्या, टीव्हीवरची मालिका, भांडणं, सगळं त्या तीन तासांत कोंबलेलं. मी शेतबंदरात एका ओट्यावर बसून घरातल्या म्हातारीशी बोलत होतो. जाळी कशी सुटली, न्हावाशेव्याचं बंदर झाल्यावर मासळी कशी हटली, असं चाललं होतं. मधेच जनरेटरचा सूर खाली आला. एक-दोन आचके, आणि बंद. त्या घरघरीखाली इतका वेळ दबलेलं एकदम वर आलं. ओहोटीच्या चिखलातली खुडबुड, पलीकडच्या घरातला खोकला, दूर बंदरातल्या यंत्रांची धडधड. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हातारी म्हणाली, “जनरेटर बंद झाला का आमची रात. ममईला रातच नाय होत का र बाला?”

समोर सगळी मुंबई लखलखत होती. स्पूल संपायला थोडाच वेळ होता, पण वाक्य आलं.

माझ्या मते रूपक तिथेच झालं होतं. केंद्रावरच्या साहेबांच्या मते त्या टेपमध्ये तीन दोष होते. जनरेटर म्हणजे गोंगाट, काढा. मधली शांतता म्हणजे चूक, तिथे बासरी टाका. आणि म्हातारीचं आगरी श्रोत्यांना कळणार नाही, तेव्हा नाटक विभागातल्या एखाद्या बाईंकडून ‘नीट’ मराठीत म्हणवून घ्या. मी वाद घातला. कॅज्युअलने घालावा त्यापेक्षा जरा जास्तच घातला, पुढचे काही महिने ड्यूट्या कमी मिळाल्या. प्रसारित झालं तेव्हा पहिली आठ मिनिटं लेण्यांचा इतिहास, मग बासरी, मग थरथरत्या आवाजात कलावंत बाई. बाई गुणी होत्या, त्यांचा काही दोष नाही.

पुढे कॅसेट घेऊन मी बेटावर गेलो. म्हातारीने पूर्ण ऐकलं, कानाला पदर लावून. तिचा भाग आल्यावर मला विचारलं, “ही बाय कोन?”

मूळ स्पूल पुसला गेला. टेपांचा कायम तुटवडा, जुनं पुसायचं आणि त्यावर नवं घ्यायचं ही तेव्हाची रीतच होती. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून घारापुरीला वीज आली. उत्तम झालं, सत्तर वर्षं उशिरा का होईना. पण तो जनरेटर रोज रात्री बंद पडतानाचा आवाज, ज्यावर तीन गावांचं घड्याळ चालायचं, तो आता शोधूनही मिळणार नाही. आमच्या कपाटात होता. म्हणून सांगतो, कच्चं ध्वनिमुद्रण कधीही पुसू नका. हल्ली हार्ड डिस्क स्वस्त आहे, सबब नाही.

साहेबांची बाजूही सांगायला हवी. मीडियम वेव्हवर बारीक आवाज खरखरीत बुडायचे. आणि वीस सेकंद शांतता गेली की स्टेशन पडलं समजून ड्यूटी रूमचा फोन वाजायचा, हे मी स्वतः अनुभवलंय. विदर्भातल्या श्रोत्याला आगरी पहिल्या झटक्यात कळत नाही हेही मान्य. पण कळत नसेल तर त्याने कान लावून ऐकावं. माणसाचा आवाज काढून तिथे दुसऱ्याचा बसवायचा, हा त्यावरचा उपाय मला तेव्हाही पटला नाही, आता तर पॉडकास्टच्या जमान्यात मुळीच पटत नाही. हेडफोन लावून ऐकणाऱ्याला शांतता ऐकू येते.

आता तुमच्या परवानग्या. लेण्यांच्या आवारात माइक काढणार असाल तर पुरातत्त्व खात्याला आधी विचारा. गावासाठी ग्रामपंचायत. पर्यटकांना बेटावर रात्रीचा मुक्काम करता येत नाही, म्हणजे कुणाचे तरी पाहुणे होऊन आणि रीतसर सांगूनच राहावं लागेल. आणि राहावं लागेलच, सहाच्या आत परतणार असाल तर हा नाद सोडा. सोमवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी स्टॉलवाली माणसं मोकळी सापडतात. मात्र सोमवारी गेटवेच्या लाँचवर विसंबू नका, उरणच्या बाजूने गावकऱ्यांची होडी मिळते का ते बघा.

ऐकवायचं कुठे? स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र, म्हणजे एखाद्या भागातल्या लोकांचं छोटं केंद्र, काढायचं तर २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळतो. संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, ट्रान्समीटर साधारण शंभर वॅटचा, आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. एका माहितीपटासाठी एवढा खटाटोप करू नका, चालू केंद्राला द्या. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे असं केंद्र २००८ पासून चालू आहे. बेटाचंच उदाहरण हवं तर रामेश्वरमजवळ पांबनला ‘कडल ओसई’ हे मच्छीमारांचं केंद्र २०१६ पासून आहे, वारा आणि समुद्राच्या खबरीपासून सगळं तिथे चालतं. तिथे मच्छीमाराच्या जागी नाटकातला कलावंत बसवत नसतील असा माझा अंदाज. बसवत असतील तर मला कळवू नका.

घारापुरीच करा असं नाही. पण करणार असाल तर माइकला वाऱ्यासाठी फरचं टोपडं घ्या, साध्या स्पंजचा खाडीच्या वाऱ्यापुढे निभाव लागत नाही. मुलाखत घेऊ नका, मासळी निवडताना किंवा स्टॉल आवरताना शेजारी बसा आणि बोलणं चालू ठेवा. संकलन झालं की कुठेही चढवण्याआधी जे त्यात बोललेत त्यांना शेतबंदरात बसवून ऐकवा आणि ते म्हणतील ते काढा.

संगीत कुठून मिळवायचं हेही तुम्ही विचारलंय. त्याचं उत्तर देत नाही.