पाकीट नको, आधी फोन

प्रश्न : प्रिय ताई, २०१२ पासून काही वर्षं आम्ही नवरा-बायको हिवाळ्यात अंदमानला, हॅवलॉक बेटावर जायचो. विजयनगरला एका बंगाली कुटुंबाच्या घराला लागून दोन खोल्या होत्या, तिथेच उतरायचो. शेवटी शेवटी तर मी त्यांच्या स्वयंपाकघरातच असायचे. बौदी (बंगालीत वहिनी) विळीवर मासे कापायच्या आणि मी शेजारी बसून लसूण सोलायचे. २०१६ मध्ये दादांचा फोन आला. होडीचं इंजिन गेलंय, वीस हजार उसने मिळतील का? आमच्याकडे तेव्हा सासऱ्यांचं आजारपण चालू होतं. ‘कळवते’ म्हणाले आणि कळवलंच नाही. त्यांचाही पुन्हा फोन आला नाही. आता डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. न सांगता दारात उभं राहावं, बौदींना मिठी मारावी आणि दादांच्या हातात पैशांचं पाकीट ठेवावं असं मनात आहे. नवरा म्हणतो, ‘त्यांचा तो धंदा होता. आपण त्यांना आठवतही नसू. रिसॉर्टमध्ये राहू आणि परत येऊ.’ काय करू? – बेटवेडी

उत्तर : बेटवेडीताई, ते पाकीट आधी कपाटात ठेवून द्या.

इतक्या वर्षांत दादांनी इंजिन घेतलं असेल, नाहीतर होडी विकून टाकली असेल. तुमच्या वीस हजारांनी आता दुरुस्त होणार ते तुमचं मन, त्यांची होडी नव्हे. शिवाय दारात, घरच्यांसमोर पैसे पुढे केलेत तर त्या माणसाने काय करायचं? घेतले तर मान खाली, नाही घेतले तर तुमचा अपमान. त्यांना असं पेचात पकडू नका.

तुमच्या पत्रातली दुखरी जागा पैशांची नाहीच. ‘जमणार नाही’ म्हणाला असतात तर त्यांनी दुसरं दार ठोठावलं असतं. ‘कळवते’ म्हणालात, म्हणून ते वाट बघत राहिले. तुमच्याकडे राहिलेलं देणं आहे ते उत्तराचं, आणि ते बोटीत बसण्याआधी, फोनवर द्यायचं. आजारपण सांगा, पण आधी चूक कबूल करा आणि कारण मागाहून. उलटं केलंत तर सबब वाटते.

दादा गप्प राहिले म्हणजे रागावले, असंच धरून चालू नका. स्वाभिमानी माणूस एकदा उसने मागतो आणि समोरून उत्तर येत नाही, तेव्हा रागाच्या आधी त्याला लाज वाटते. तो पुन्हा फोन करत नाही. त्यात तिथली परिस्थितीही बघा. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली ती १० ऑगस्ट २०२० रोजी. तोवर बेटांवरचं इंटरनेट उपग्रहाच्या भरवशावर चालायचं, एक फोटो पाठवायचा तर जीव जायचा. आणि केबल आली तेव्हा कोविडमुळे पर्यटन ठप्प होतं. ज्यांचं घर खोल्यांच्या भाड्यावर चालतं त्यांनी ती दोन वर्षं कशी काढली असतील, हे फोनवर विचारा. आणि मग मध्ये न बोलता ऐका.

तुमच्या यजमानांचं अर्धं म्हणणं खरं आहे. धंदा होताच. पण म्हणून बौदींनी तुम्हाला लसूण सोलायला बसवायची काही गरज नव्हती, भाड्यात ते धरलेलं नव्हतं. पैसे देऊन राहणं आणि जीव लावणं एकाच घरात सुखाने नांदतं. तेव्हा खोल्या अजून चालू असतील तर तिथेच राहा आणि आजच्या दराने पूर्ण भाडं भरा. जुना दर काढू नका, ‘आपलीच माणसं’ म्हणून घासाघीसही नको.

न सांगता जायचा बेत मला अजिबात पटलेला नाही. डिसेंबर म्हणजे तिथला ऐन हंगाम. बोटी भरलेल्या, खोल्या भरलेल्या, एक पाहुणा निघतोय, दुसरा बॅगा घेऊन उभा. अशा वेळी तुम्ही दारात ‘ओळखा पाहू’ करत उभ्या राहिलात तर बौदी हसतील, पण त्यांचं लक्ष चुलीवरच्या भातावर असेल. तारखा बदलता आल्या तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये जा. गर्दी ओसरते, पावसाळाही लांब असतो. बदलता येत नसतील तर त्यांना कोणती वेळ सोयीची ते त्यांनाच ठरवू द्या. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. रात्री पाहुण्यांची जेवणं उरकल्यावरही बसता येईल.

आणखी एक, जरा कडक बोलते. तिकिटावर आता स्वराज द्वीप दिसेल, २०१८ पासून हॅवलॉकचं अधिकृत नाव ते आहे. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तुम्ही उतरायचात तिथे नारळीच्या झाडांऐवजी रिसॉर्टची भिंत असेल. तोंडातून ‘पूर्वी किती छान होतं!’ निघू देऊ नका. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना १९५०च्या दशकात तिथे वसवलं गेलं, त्यांनी जंगल तोडून शेती उभी केली, सुपारी-नारळ लावले. तुम्हाला खुपणारी गर्दी त्यांच्या मुलांची मिळकत आहे. बेट आपल्यासाठी जसंच्या तसं राखून ठेवायचा करार त्यांनी केलेला नाही.

काही न्यायचंच असेल तर त्या वर्षांतले फोटो छापून न्या, आणि लॅमिनेट करून, कारण खाऱ्या दमट हवेत साधा कागद टिकत नाही. बौदी विळीवर बसलेल्या असा एखादा फोटो तुमच्याकडे नक्की असेल.

फोनवर दादा तुटक बोलले तर? बोलू द्या. ‘खोल्या भरल्या आहेत’ म्हणाले तर दुसरीकडे उतरा, एकदा घरी जाऊन अर्धा तास बसून या आणि पुढचं त्यांच्यावर सोडा. नंबर बदलला असेल तर विजयनगरमधल्या दुसऱ्या एखाद्या लॉजला फोन लावून विचारा, एवढ्याशा गावात सगळे एकमेकांना ओळखतात. यजमानांना रिसॉर्टच हवं असेल तर त्यांना खुशाल तिथे राहू द्या.