भाच्याला अटक झाली, पोलिसांनी स्टेटस विचारलं, आता सही कशावर करायची?

ताई, तुमचा मेल वाचला, रात्री अडीचला लिहिलाय म्हणजे झोप उडालीये हे कळतंच आहे. बाकी वाचणाऱ्यांसाठी प्रकरण थोडक्यात सांगते, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. ताई आणि त्यांचे मिस्टर टेक्सासमध्ये, ग्रीन कार्डच्या रांगेत. बहिणीचा मुलगा एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, मास्टर्स करतोय, मागच्या वर्षी आला, यांच्याकडेच राहतो. एका मोठ्या स्टोअरमध्ये सेल्फ-चेकआउटला काही वस्तू स्कॅन न करता बाहेर पडला, साधारण १४० डॉलरचा माल. दारात अडवलं, पोलिस आले, बेड्या, काउंटी जेल, ठसे, फोटो, दुसऱ्या दिवशी बॉण्डवर सुटका. गाडीत बसवताना पोलिसाने विचारलं जन्म कुठला, सिटिझन आहेस का, मुलाने सांगितलं इंडिया, स्टुडंट व्हिसा. आता सरकारी वकील 'डिफर्ड ॲडज्युडिकेशन' देतायत, यांचा क्रिमिनल वकील म्हणतोय घेऊन टाका, रेकॉर्डवर कन्व्हिक्शन (दोषी ठरल्याची नोंद) येत नाही. न्यू जर्सीतले एक नातेवाईक सांगतायत की पोलिसांना इमिग्रेशन स्टेटस विचारताच येत नाही, केस फेकली जाईल. आणि डिसेंबरमध्ये मुलाच्या सख्ख्या बहिणीचं लग्न आहे, तिकीट काढून ठेवलंय.

आधी न्यू जर्सीच्या काकांचं बघू. ते खोटं नाही बोलत, पण त्यांच्या राज्याचं बोलतायत. तिथे २०१८ मध्ये ॲटर्नी जनरलनी पोलिसांसाठी आदेश काढला, त्यात स्टेटस विचारण्यावर खूप बंधनं आहेत. कॅलिफोर्नियातही २०१७ चा तसा कायदा आहे. टेक्सासने त्याच २०१७ साली बरोब्बर उलटा कायदा केला, एसबी ४ नावाचा. त्याप्रमाणे कायदेशीरपणे अडवलेल्या किंवा अटक केलेल्या माणसाला पोलिसाने स्टेटस विचारलं तर त्याला त्याचा चीफसुद्धा मनाई करू शकत नाही, आणि आईसने (इमिग्रेशनची धरपकड करणारं केंद्राचं खातं) 'याला आमच्यासाठी थांबवून ठेवा' असं कळवलं (त्याला डिटेनर म्हणतात) तर जेलला ते मानावं लागतं. फिफ्थ सर्किट कोर्टाने, म्हणजे टेक्सास ज्याच्याखाली येतं त्या फेडरल अपील कोर्टाने, २०१८ मध्ये तो बहुतेक सगळा कायदा टिकवला. आणि त्याच्याही आधी, २०१२ मध्ये, ॲरिझोनाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने तिथल्या कायद्याची तीन कलमं उडवली पण पोलिसांनी स्टेटस तपासायचं जे कलम होतं ते तेवढं ठेवलं. तेव्हा प्रश्न विचारला म्हणून चोरीची केस पडेल ही आशा सोडून द्या. प्रश्न कायदेशीर, केस आपल्या जागी.

मुलगा खरं बोलला हे मात्र फार बरं झालं. टेक्सासमध्ये अटक झालेल्या माणसाने नाव, राहायचा पत्ता आणि जन्मतारीख सांगणं बंधनकारक आहे, जन्म कुठे झाला हे त्या यादीत नाही, म्हणजे 'मला वकिलाशी बोलायचंय' म्हणून गप्प राहता आलं असतं. पण घाबरून 'मी सिटिझन आहे' म्हणाला असता तर? १९९६ पासूनच्या कायद्यात अमेरिकन नागरिक असल्याचा खोटा दावा ही अशी गोष्ट आहे की तिच्यापुढे १४० डॉलरची चोरी किरकोळ वाटावी, ग्रीन कार्डचा रस्ता जवळपास कायमचा बंद, आणि त्यावर माफीचा अर्जसुद्धा साधारणपणे चालत नाही. घरातल्या बाकीच्या पोरांनाही हे एकदा बसवून सांगा.

आता तुमचा खरा घोर, 'पोलिसांनी आईसला कळवलं असेल का'. ताई, कळवायची गरजच पडत नाही हो. जेलमध्ये ठसे घेतले की ते राज्यामार्फत एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीच्या, म्हणजे आईस ज्याच्याखाली येतं त्या खात्याच्या, डेटाबेसला लागतात. ही व्यवस्था २००८ मध्ये सुरू झाली, २०१३ पर्यंत देशभर पसरली. न्यू जर्सीत अटक झाली असती तरी ठसे गेलेच असते, तिथला पोलिस विचारो न विचारो. आणि मुलाने व्हिसाच्या वेळी दहाही बोटांचे ठसे दिलेत ना, मग मॅच मिळणारच. म्हणजे अटक झाली हे सरकारला माहीत आहे असंच धरून पुढची सगळी पावलं टाका, लपवण्यात शक्ती घालवू नका.

पण माहीत असणं वेगळं आणि उचलून नेणं वेगळं. मुलगा बॉण्डवर सुटला तेव्हा डिटेनर लागलेला नव्हता, हे चांगलं चिन्ह आहे. डिटेनर असता तर सुटायच्या वेळेपासून अजून ४८ तासांपर्यंत जेलने त्याला धरून ठेवलं असतं. एसबी ४ मध्येच एक बारीक सोय आहे, स्टेटस वैध असल्याचा पुरावा, म्हणजे अगदी टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्ससुद्धा, दाखवलेल्या माणसाला डिटेनरवर धरून ठेवायची जेलवर सक्ती नाही. मुलाकडे लायसन्स आहे असं तुम्ही लिहिलंय, ते आणि आय-९४ ची (देशात आल्याच्या नोंदीची) प्रिंट आता खिशात असू दे, तसंही अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा कागद जवळ बाळगावा असा जुना कायदा आहे आणि आजकाल तो विचारला जातो.

तुम्ही लेकन रायली कायद्याचंही विचारलंय. जानेवारी २०२५ चा तो कायदा, आणि हो, त्यात शॉपलिफ्टिंग आहे, आणि नुसती अटक किंवा आरोप पुरतो, शिक्षा व्हावी लागत नाही, माझ्या मते हे भयंकर आहे पण आहे असं आहे. फक्त तो सगळ्या परदेशी लोकांना नाही लागत. जे तपासणीशिवाय आत आले, किंवा खोटी माहिती देऊन आले, किंवा योग्य कागदांशिवाय आले, अशांना सक्तीने कोठडीत ठेवायचा तो कायदा आहे. तुमचा भाचा खऱ्या व्हिसावर, विमानतळावर शिक्का घेऊन आलाय आणि कॉलेजला जातोय, त्याच्यासाठी तो बनवलेला नाही. म्हणूनच सांगते, काहीही झालं तरी एक क्लाससुद्धा सोडू देऊ नका, फुल-टाइम क्रेडिट्स कमी झाले तर आपणच त्यांच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. तुमचे क्रिमिनल वकील म्हणतायत कन्व्हिक्शन येत नाही. टेक्सासच्या कायद्यात त्यांचं बरोबर आहे. डिफर्ड ॲडज्युडिकेशनमध्ये आरोपी 'गिल्टी' किंवा 'नो कॉन्टेस्ट' म्हणतो, जज दोषी ठरवायचं पुढे ढकलतो, प्रोबेशनसारख्या अटी लावतो, नीट वागलात की केस डिसमिस. पण इमिग्रेशनचा कायदा स्वतःची व्याख्या वापरतो. तिथे दोनच गोष्टी बघतात, एक, गुन्हा कबूल केला का किंवा नो कॉन्टेस्ट म्हटलं का, आणि दोन, जजने काही शिक्षा, दंड किंवा बंधन लावलं का. दोन्हीला हो असेल तर ते कन्व्हिक्शन, राज्याने त्याला काहीही नाव देवो, नंतर डिसमिस होवो नाहीतर न होवो. टेक्सासची डिफर्ड ॲडज्युडिकेशन या व्याख्येत अगदी चपखल बसते. आपले किती तरी लोक 'केस डिसमिस झाली' म्हणून पेढे वाटतात आणि सात-आठ वर्षांनी ग्रीन कार्डच्या इंटरव्ह्यूला ऑफिसर ती फाइल उघडतो.

मग उद्या डिपोर्ट होईल का, तर इथे जरा आकड्यांत शिरावं लागेल, कारण सगळं त्या आकड्यांवर आहे. चोरी हा इमिग्रेशनच्या भाषेत सहसा नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरतात. असा एकच गुन्हा, देशात आल्यापासून पाच वर्षांच्या आत, आणि ज्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा 'होऊ शकते' असा असेल तर माणूस डिपोर्ट होऊ शकतो. प्रत्यक्ष किती झाली ते नाही बघत, जास्तीत जास्त किती होऊ शकली असती ते बघतात. टेक्सासमध्ये १०० ते ७५० डॉलरच्या मधली चोरी क्लास बी श्रेणीचा गुन्हा, कमाल शिक्षा १८० दिवस. ७५० च्या वर गेली की क्लास ए, कमाल एक वर्ष. म्हणजे आत्ताच्या १४० डॉलरला तो त्या रेषेच्या अलीकडे आहे, पण स्टोअरने मागच्या महिन्यांचे व्हिडिओ काढून रक्कम वाढवली आणि आरोप क्लास ए झाला तर रेषा ओलांडली. म्हणून वकिलांकडून आरोपपत्राची प्रत घ्या आणि क्लास ए की बी हे स्वतः डोळ्यांनी बघा, तोंडी ऐकू नका. क्लास बी असेल तर छोट्या गुन्ह्याची एक सवलत आहे, तिच्यामुळे पुढे व्हिसा किंवा ग्रीन कार्डला आपोआप नकार येत नाही, पण ती आयुष्यात एकदाच. पुन्हा असला दुसरा गुन्हा म्हणजे पाच वर्षं-बिर्षं काही बघत नाहीत.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे, डिफर्डवर आत्ता सही नको. वकिलांना सांगा की प्रीट्रायल डायव्हर्जन मागा, ज्यात कोर्टात काहीच कबूल न करता क्लास, कम्युनिटी सर्व्हिस वगैरे करून केस डिसमिस होते. तुमच्या काउंटीच्या डायव्हर्जनचा फॉर्म आधी वाचायला मागा, कारण काही ठिकाणी त्यातच कबुलीजबाबावर सही घेतात आणि मग आपण फिरून तिथेच येतो. डायव्हर्जन नाहीच मिळालं तर चोरीऐवजी क्रिमिनल ट्रेसपाससारख्या आरोपावर तडजोड होते का बघायचं, त्यात साधारणपणे नैतिक अधःपतन धरत नाहीत. आणि वकील म्हणाले की 'इमिग्रेशन माझा विषय नाही', तर त्यांना नम्रपणे पडिला विरुद्ध केंटकी या २०१० च्या केसची आठवण करून द्या, सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की परदेशी अशिलाला प्लीचे (कोर्टात 'गिल्टी' वगैरे म्हणण्याचे) इमिग्रेशनवरचे परिणाम सांगणं हे डिफेन्स वकिलाचंच काम आहे. नाहीतर तासाभराची फी देऊन एखाद्या इमिग्रेशन वकिलाला त्यांच्याशी फोनवर बोलायला लावा. पुढच्या तारखेच्या आधी, नंतर नाही. तारीख मागून घेता येते, दिलेली प्ली मागे घेणं फार जड जातं.

डीएसओला, म्हणजे कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, सगळं सांगावं का असं मुलाने विचारलंय. डीएसओ चांगले असतात, पण ते वकील नाहीत, त्यांच्याशी बोललेलं गुप्त राहील याची कायद्यात हमी नाही. आधी वकील, मग वकील म्हणतील तेवढंच डीएसओ. पण सेविसचा (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी डेटाबेसचा) रेकॉर्ड 'ॲक्टिव्ह' आहे ना हे मात्र त्यांना विचारत राहा. २०२५ च्या एप्रिलमध्ये आईसने पोलिस रेकॉर्डमधल्या नावांवरून हजारो विद्यार्थ्यांचे सेविस रेकॉर्ड बंद केले होते, त्यात अगदी डिसमिस झालेल्या केसेसची पोरंसुद्धा होती, मग देशभर कोर्टांनी झापलं आणि महिनाअखेरीला सरकारने रेकॉर्ड परत चालू करायला घेतले. तेव्हा ज्यांनी ताबडतोब वकील गाठला त्यांना कोर्टातून लवकर दिलासा मिळाला. मुलाचा ईमेलही रोज बघा, स्पॅमसकट, कारण व्हिसा रद्द झाल्याचं कॉन्सुलेट ईमेलवरच कळवतं. तसा ईमेल आला तर शब्द नीट वाचा, 'देश सोडल्यावर रद्द' आणि 'आत्तापासून रद्द' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी मला किंवा कुणालाही फोन करा.

तुमच्या आणि मिस्टरांच्या ग्रीन कार्डवर याचा काही परिणाम नाही, भाचा घरी राहतो म्हणून तुम्ही कशात अडकत नाही. कुणी दारावर आलंच तर जजची सही असलेलं वॉरंट आहे का एवढं दाराआडून विचारायचं, आईसच्या ऑफिसरच्याच सहीचा कागद असेल तर दार उघडायची सक्ती नाही.

आणि लग्न. ताई, वाईट वाटतंय लिहायला, पण तिकीट रद्द करा. केस उघडी असताना बाहेर पडला तर बॉण्डच्या अटी मोडू शकतात तो भाग वेगळाच, पण परत येताना एअरपोर्टवर ठसे लावले की अटक स्क्रीनवर येते, आणि व्हिसा रद्द झालेला असेल तर विमानातच बसू देणार नाहीत. आत असलेल्या माणसाला कायद्याचं जेवढं संरक्षण आहे तेवढं दारावर उभ्या असलेल्याला नाही. नवा व्हिसा काढायचा तर डीएस-१६० या अर्जात 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न आहे, केस डिसमिस होवो की माफ होवो, उत्तर 'हो' असंच द्यायचं आणि सोबत कागद जोडायचे.

त्या कागदांवरून शेवटचं. डायव्हर्जन होऊन केस संपली तर टेक्सासमध्ये रेकॉर्ड पुसायला, म्हणजे एक्सपंक्शनला अर्ज करता येतो आणि वकील उत्साहाने करूनही देतात. त्याच्या आधी क्लर्ककडून आरोपपत्र, डायव्हर्जनचा करार आणि डिसमिसलची ऑर्डर यांच्या शिक्का मारलेल्या प्रती चार-पाच तरी काढून ठेवा. इमिग्रेशनवाल्यांकडे अटकेची नोंद राहतेच, एक्सपंक्शननंतर कोर्टाकडे मात्र काहीच उरत नाही, मग 'डिसमिस झाली होती' हे सिद्ध करायला हातात कागद नसतो. करार आणि आरोपपत्राची प्रत मिळाली की मला स्कॅन पाठवा, तारखेच्या आधी बघून कळवते.