‘मोउ मन थाय’ म्हणजे होकार नव्हे

हाँगकाँगला बदली, नोकरी किंवा धंद्यानिमित्त निघालेल्या वाचकांचे बरेच प्रश्न साचले आहेत. तिथल्या सेंट्रल भागातल्या ऑफिसांत मी बरीच वर्षं काढली, त्या जोरावर उत्तरं देतो. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : पुण्याहून बदली होऊन तीन महिने झाले. हाताखाली अकरा जण. मीटिंगमध्ये ‘काही शंका?’ विचारलं की सगळे गप्प. प्रत्येक गोष्टीला ‘नो प्रॉब्लेम’. आठवड्याने कळतं, कामाला हातच लागलेला नाही. मोकळेपणाने बोला म्हणून दोनदा सांगून झालं. ही माणसं खोटं बोलतात का?

उत्तर : नाही. तुम्हीच चुकीच्या ठिकाणी चुकीचा प्रश्न विचारताय.

तिथल्या कँटोनीज भाषेत ‘मोउ मन थाय’ म्हणतात, शब्दशः ‘प्रश्न नाही’. त्याचा अर्थ कधी ‘करतो’ असतो, कधी ‘ऐकलं’, आणि कधी ‘आत्ता सगळ्यांसमोर नको, साहेब’. आपल्याकडे कुणी ‘बघू’ म्हटलं की तुम्ही कामाला लागता का? सुरावरून ओळखता. तसा तो सूर ओळखायला अजून वेळ लागेल.

यामागे ‘मिन’ आहे, म्हणजे चेहरा. ‘पेई मिन’ म्हणजे एखाद्याला चेहरा देणं, त्याचा मान राखणं. चारचौघांत पाणउतारा आपल्यालाही झोंबतो, त्यामुळे कल्पना नवी नाही. फरक दिशेचा आहे. तुमच्या आराखड्यातली चूक कनिष्ठाने सगळ्यांदेखत दाखवली तर त्याने तुमचा चेहरा घेतला असं होतं. त्यांचं गप्प बसणं हा तुमच्यावरचा उपकार आहे, आणि तुम्ही त्यालाच नावं ठेवताय!

माझा पहिल्या वर्षीचा पराक्रम ऐका. भर बैठकीत मी हिशेब विभागातल्या एका बाईंना विचारलं, ‘हा आकडा कुठून आला?’ मुंबईत यावर पंधरा मिनिटं वाद झाला असता आणि मग चहा. त्या बाईंनी शांतपणे वही मिटली. पुढचे दोन महिने त्यांचं प्रत्येक ई-मेल वरिष्ठांना कॉपी करून यायचं, ‘सुप्रभात’सुद्धा. आकडा बरोबर होता, हे वेगळंच.

मग करायचं काय? बैठकीच्या आधी बैठक. एकेकाला जेवायला न्या, नाहीतर त्याच्या टेबलापाशी उभे राहा. ‘शंका आहे का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘नाही’च येणार. ‘हे काम कुठे अडकेल असं वाटतं?’ असं विचारा. आता तो तुमची चूक काढत नसतो, कामातला खड्डा दाखवत असतो. अडचण व्हॉट्सॲपवर येऊ द्या. तिथे लिहून बरंच काही येतं, जे तोंडातून कधी येणार नाही. बैठकीत फक्त ठरलेल्यावर शिक्का मारायचा. वेळ जास्त जातो असं वाटेल, पण आत्ता आठवडा वाया जातोच आहे.

आणि ही माणसं लाजाळू आहेत असा निष्कर्ष मात्र काढू नका. ओळख झाल्यावर तुमचं घरभाडं किती, पगार किती, वजन वाढलंय का, हे थेट विचारतील. परदेशात शिकून आलेली तरुण मुलं बैठकीतही बोलतात. मोकळेपणावरची भाषणं तेवढी बंद करा. तिसऱ्या भाषणानंतर ते तुम्हालाही ‘मोउ मन थाय’च म्हणतील.

प्रश्न : सहकारी हसत म्हणाला, ‘त्याचा स्क्विड तळला.’ काय भानगड आहे?

उत्तर : त्या माणसाची नोकरी गेली. स्क्विड हा समुद्री जीव तळताना गुंडाळला जातो. जुन्या काळी कामगार मालकाकडेच राहायचे, काढून टाकलं की अंथरुणाची वळकटी बांधून निघायचे. तीच ही वळकटी. आपल्याकडे नारळ देतात, तिथे स्क्विड तळतात. हसू नका, कुणाचा तळला ते आधी बघा.

प्रश्न : मी विवाहित, वय 34, जानेवारीत रुजू होतेय. चिनी नववर्षाला लाल पाकिटं द्यावी लागतात म्हणे. कुणाला, किती?

उत्तर : पाकिटाला ‘लाय सी’ म्हणतात. लग्न झालेल्यांनी अविवाहितांना द्यायचं आणि वरिष्ठाने हाताखालच्यांना. हाताखाली माणसं असतील तर तुम्ही दोन्ही बाजूंनी अडकलात. नववर्षाच्या पहिल्या दिवसापासून पंधराव्या दिवसापर्यंत चालतं, म्हणून सुट्टी संपवून ऑफिसात पाऊल टाकताना पर्समध्ये गठ्ठा तयार ठेवा. टीममधल्या अविवाहितांना, हाताखालच्यांना, ऑफिसात चहापाणी बघणाऱ्या बाईंना, इमारतीच्या सुरक्षारक्षकांना. रोजच्या ओळखीला 20 हाँगकाँग डॉलर पुरतात, टीमला 50 किंवा 100. चारचा आकडा टाळा, 40 तर नकोच. ‘चार’ आणि ‘मृत्यू’ यांचा उच्चार कँटोनीजमध्ये जवळजवळ सारखा आहे.

मराठी माणसाची हमखास चूक सांगतो. आपण 100 वर एक रुपया चिकटवतो, तो शुभ. तिथे रक्कम सम लागते आणि नोट एकच, करकरीत. या नव्या नोटांसाठी सणाआधी बँकांसमोर रांगा लागतात, तुम्हीही लागा. द्यायचं दोन्ही हातांनी, घ्यायचंही तसंच, आणि देणाऱ्यासमोर उघडायचं नाही. ‘कुंग हेई फात चोई’ म्हणायचं. अर्थ साधारण ‘भरभराट होवो, पैसा येवो’. पैशाचं नाव घेताना या शहराला संकोच वाटत नाही, आणि मला ते आवडतं.

प्रश्न : महिना 60,000 हाँगकाँग डॉलरची ऑफर आहे. कर फक्त 15 टक्के, त्यामुळे बचत भरपूर होईल ना? (नाशिक)

उत्तर : होईल, पण रुपयांनी गुणाकार करून गावभर सांगत सुटू नका.

करापासून सुरुवात करू. पगारावरचा कर दोन पद्धतींनी मोजतात. एक, वजावटी गेल्यावर उरलेल्या रकमेवर 2 ते 17 टक्के अशा पायऱ्या. दोन, वजावटींशिवाय सरसकट 15 टक्के. 2024-25 पासून 50 लाख डॉलरच्या वरच्या भागाला 16. दोन्हींतलं जे कमी, तेवढंच भरायचं. जीएसटीसारखा विक्रीकर नाही, शेअर विकून झालेल्या नफ्यावर साधारण गुंतवणूकदाराला कर नाही, वारसाकर 2006 मध्येच गेला. करवर्षही आपल्यासारखंच, 1 एप्रिल ते 31 मार्च.

खरा फटका पुढे आहे. दरमहा पगारातून कर कापत नाहीत. पहिलं वर्ष सगळा पगार हातात, माणूस खूश. मग बिल येतं : गेल्या वर्षाचा कर आणि त्याच्यासोबत चालू वर्षाचा आगाऊ अंदाजी कर. जवळजवळ दोन वर्षांचं एकदम, साधारण जानेवारी आणि एप्रिल अशा दोन हप्त्यांत. म्हणूनच वर्षाअखेरीला तिथल्या बँका ‘कर-कर्जा’च्या जाहिराती करतात. पहिल्या पगारापासून 15 टक्के वेगळ्या खात्यात टाका आणि ते खातं विसरा. कायमचं परत येताना कंपनीला कर खात्याला महिनाभर आधी कळवावं लागतं आणि तुमचे शेवटचे पैसे रोखून धरावे लागतात. हे आधी माहीत नसलेला माणूस विमानाच्या तिकिटासाठी मित्राकडे हात पसरतो.

एमपीएफ म्हणजे तिथला भविष्यनिर्वाह निधी, तुमचे 5 टक्के आणि कंपनीचे 5, पण दोघांनाही महिना 1,500 डॉलरची मर्यादा. आपल्या पीएफच्या हिशेबाने किरकोळ.

आणि घर. भाड्यात पगाराचा तिसरा हिस्सा सहज जातो, कधी अर्धा. करार बहुधा दोन वर्षांचा, अनामत दोन महिन्यांची, एक महिन्याचं भाडं आगाऊ, वर एजंटचं अर्ध्या महिन्याचं. पहिला पगार हातात येण्याआधी एवढी रोकड लागते. ती कंपनी देणार का, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. नंतर विचारलंत तर चेहरा तुमचा जाईल.

एक सोय मात्र आहे. हाँगकाँग डॉलर 1983 पासून अमेरिकन डॉलरला 7.80 च्या आसपास बांधलेला आहे. रुपयातली कमाई त्यामुळे अमेरिकन डॉलरच्या मागे चालते.

प्रश्न : आमचा कापडाचा धंदा (इचलकरंजी). हाँगकाँगच्या एका व्यापाऱ्याशी वर्षभर बोलणी चालू आहेत. मुलगा एमबीए, सगळं तोच बघतो, दर वेळी उत्तम जेवू घालतो. ऑर्डर मात्र येत नाही.

उत्तर : बाप कुठे आहे?

तुम्ही स्वतः पेढीवर वाढलेले, तरी मुलाच्या व्हिजिटिंग कार्डावरच्या ‘सीईओ’ला भुललात! हाँगकाँगमधल्या शेअर बाजारात नोंदलेल्या बड्या कंपन्याही घराण्यांच्या मुठीत आहेत. ली का-शिंग यांचंच घ्या. युद्धकाळात कुटुंबाबरोबर चीनमधून पळून आलेला मुलगा, 1950 मध्ये प्लास्टिकचा कारखाना काढला, प्लास्टिकच्या फुलांवर पैसा केला, पुढे जमिनी घेतल्या आणि 1979 मध्ये हचिसन ही जुनी ब्रिटिश कंपनीच ताब्यात घेतली. मोठ्या मुलाला सूत्रं कधी दिली? 2018 मध्ये, नव्वदीला टेकल्यावर. आणि तरीही सल्लागार म्हणून राहिले. तुमच्या व्यापाऱ्याचे वडील सत्तरीचे असतील तर त्यांच्या हिशेबाने ते ऐन उमेदीत आहेत.

पुढच्या खेपेला मुलाला म्हणा, वडिलांना भेटून नमस्कार करायचा आहे. भेटीत दराचा विषय काढू नका. तुमचा धंदा कुणी सुरू केला, तुमच्या वडिलांनी किती माग चालवले, हे सांगा. चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवा, ते ‘आभार’. भेट न्यायची तर मिठाई न्या, काजूकतली चालते. भिंतीवरचं घड्याळ अजिबात नेऊ नका. ‘घड्याळ देणं’ हे शब्द कानाला ‘अंत्यविधीला जाणं’ असे ऐकू येतात. एका शिष्टमंडळाने संस्थेच्या बोधचिन्हाची बारा घड्याळं नेलेली मी पाहिली आहेत. घेणाऱ्यांनी हसतमुखाने घेतली. पुढे काही झालं नाही.

एकदा वडिलांनी मान हलवली की गाडी सुसाट सुटेल. रात्री अकराला दर मागतील, सकाळी हवा असेल. इथे आपण मार खातो : ‘सोमवारी कळवतो’ म्हणतो आणि गुरुवारी कळवतो. तोवर दुसऱ्याने माल बुक केलेला असतो. आणि चेहरा-बिहरा कितीही असला तरी उधारीवर माल सोडू नका. एल/सी, म्हणजे पैशाची हमी देणारं बँकेचं पतपत्र, मागा. तिथल्या कंपनी निबंधकाकडे थोडी फी भरून कुठल्याही कंपनीचे संचालक कोण ते ऑनलाइन बघता येतं. बघा. तो राग मानणार नाही, त्यानेही तुमची माहिती काढलेलीच असेल.

प्रश्न : तिथे भारतीयाला वरच्या खुर्चीत बसू देतात का? खरं सांगा.

उत्तर : बसलेत, आणि फार आधीपासून. बंदराच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला नेणारी स्टार फेरी ज्या कंपनीतून निघाली ती 1888 मध्ये दोराबजी नवरोजी मिठाईवाला या मुंबईहून आलेल्या पारशाने काढली होती. हाँगकाँग विद्यापीठाची इमारत उभी राहिली ती होरमसजी मोदी या पारशी व्यापाऱ्याच्या देणगीतून, काउलूनमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे. 1865 च्या एचएसबीसी बँकेच्या स्थापनेतही पारशी होते. या पैशाचा उगम विचारलात तर उत्तर सुखावणारं नाही : माळव्याची अफू, मुंबईहून जहाजाने चीनला. जमशेटजी जीजीभॉय आणि ब्रिटिश व्यापारी जार्डिन यांची भागीदारी त्यावरच उभी होती. मुंबईतल्या धर्मादाय इमारती बघताना आपण हे सोयीस्कर विसरतो.

आजचं सांगायचं तर आंतरराष्ट्रीय बँकांत आणि तंत्रज्ञान विभागांत भारतीय वरपर्यंत पोचतात. अडतं भाषेपाशी. करार इंग्रजीत होतात, पण लिफ्टमधली कुजबुज कँटोनीजमध्ये, आणि मोठा ग्राहक आता बहुतेक वेळा मँडरिन बोलणारा, चीनमधून आलेला. ग्राहक आणणारी खुर्ची त्या भाषेला जाते. म्हणून कुणी ‘भेदभाव’ म्हणतं. तोही आहे, घर भाड्याने शोधताना जाणवेल. पण ऑफिसात मी जास्त वेळा पाहिलं ते हे : दहा-दहा वर्षं राहूनही आपल्या माणसाला पन्नास कँटोनीज शब्द येत नव्हते. सात वर्षं सलग राहिल्यावर कायम वास्तव्याचा हक्क मागता येतो, पण त्यासाठी भाषेची परीक्षा नसते. तिथेच आपण सुस्तावतो.

प्रश्न : शुद्ध शाकाहारी आहे. क्लायंटबरोबर जेवण कसं निभवायचं?

उत्तर : ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका, हिरव्या भाजीवर ऑयस्टर सॉस (कालवांचा) घालून आणतील आणि त्यांच्या मते ती भाजीच असेल. ‘जाय’ म्हणा. ते बौद्ध पद्धतीचं जेवण, बहुधा कांदा-लसूणही नसतो. आधल्या दिवशी यजमानाच्या सेक्रेटरीला कळवा, टेबलावर बसल्यावर नको.

प्रश्न : वादळाचा आठ नंबरचा इशारा लागला की खरंच सुट्टी?

उत्तर : हो, बहुतेक ऑफिसं बंद होतात. वेधशाळा साधारण दोन तास आधी सांगते, मग सगळं शहर एकदम घरी निघतं. 26 जुलै 2005 ला कुर्ल्यात अडकलेल्या माणसाला हे बघून डोळ्यांत पाणी येईल. पण शेअर बाजारात असाल तर आनंद आवरा. सप्टेंबर 2024 पासून वादळातही व्यवहार चालू राहतात. लॅपटॉप घरी घेऊन जा.