स्पेक्ट्रम प्लस, योगी बेअरची कॅसेट आणि वर न जाणारं अस्वल

तुमच्या तीन तक्रारी: डेसिबेल्स या भारतीय कंपनीच्या स्पेक्ट्रम प्लसवर (ऐंशीच्या दशकातला, कॅसेटवरून खेळ लोड करणारा घरगुती कॉम्प्युटर) हाय-टेक कंपनीचा 'योगी बेअर अँड फ्रेंड्स इन द ग्रीड मॉन्स्टर' हा खेळ अर्ध्यात 'आर टेप लोडिंग एरर' देतो, लोड झालाच तर योगी हे अस्वल वर जात नाही, आणि हे सगळं करण्याइतका खेळ चांगला आहे का. पहिल्या दोन्ही दोषांत खेळाचा संबंध नाही.

आधी वीज. ॲडॉप्टर ९ व्होल्टचा, १.४ अँपिअरचा आणि मधला पिन ऋण. बाजारातले बहुतेक ॲडॉप्टर उलट, म्हणजे मधे धन असलेले असतात. तसा जोडला तर खालच्या १६ केची मेमरी जाऊ शकते. मूळ ॲडॉप्टर मीटरवर रिकामा मोजला तर ९ पेक्षा बराच जास्त दाखवतो. तो रेग्युलेटेड नसतो, त्यामुळे तेवढ्यावरून तो बाद करू नका.

आता कॅसेट. लोड सुरू असताना बॉर्डरकडे, म्हणजे स्क्रीनच्या कडेच्या पट्टीकडे बघा. लाल आणि आकाशी रंग सावकाश आलटून पालटून येत असतील तर मशीनपर्यंत सिग्नलच पोचत नाही: आवाज वाढवा, वायर तपासा. लाल-आकाशी पट्टे स्थिर आले, मग निळे-पिवळे आले, नावही दिसलं आणि पुढच्या लांब ब्लॉकमध्ये एरर आली, तर आवाज ठीक आहे. दोष हेडच्या (टेप वाचणाऱ्या भागाच्या) कोनात, मळात किंवा टेपच्या खराब तुकड्यात असणार. तुमचं वर्णन याच प्रकारात बसतं.

हेड आणि पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली टेप सुटते. मग वायर काढून कॅसेट कानाने ऐका आणि हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू बारीक पेचकसाने थोडा थोडा फिरवा. आवाज जिथे सगळ्यात तीक्ष्ण लागेल तिथे थांबा. दुसरा स्क्रू पक्का असतो, त्याला हात लावू नका. व्हॉल्यूम पाऊण, बास कमी, ट्रेबल पूर्ण, आणि लोड करताना फक्त 'इअर' सॉकेटची वायर जोडलेली. फोनवरून वाजवत असाल तर फाइल वेव्ह (.wav) असू द्या. एमपी३ चालते कधी, दगा देते कधी. मशीनच्या मूळ लोडिंगच्या वेगाने ४८ केचा खेळ यायला चार-पाच मिनिटं लागतात, मधे घाई करू नका.

योगी वर जात नाही, कारण बहुधा 'क्यू' ही वर जाण्याची कळ मेलेली आहे. बेसिकमध्ये (मशीन सुरू केल्यावर येणारी आज्ञांची भाषा) 'पी' दाबून प्रिंट आणा आणि पुढे क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी दाबून बघा. स्पेक्ट्रमच्या कळा पाच-पाचच्या आठ अर्ध्या ओळींत वाचल्या जातात आणि या पाच एका ओळीत येतात. कळांखालच्या प्लास्टिकच्या पडद्याला, म्हणजे मेंब्रेनला, मशीनशी जोडणाऱ्या दोन चपट्या शेपट्या असतात, एक आठ रेघांची आणि एक पाच. पाचही कळा बंद असतील तर आठ रेघांच्या शेपटीतली एक रेघ तुटली आहे. एकटी 'क्यू' बंद असेल तर त्या कळेखालचा संपर्क गेला. पाच रेघांची शेपटी मात्र तुमची बहुधा शाबूत आहे. तिची पहिली रेघ तुटली असती तर क्यूबरोबर ए, पी आणि एंटरही गेले असते आणि लोडची आज्ञाच देता आली नसती.

शेपटी कनेक्टरच्या तोंडाशी तडकते. लांबी शिल्लक असेल तर तडकलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर सरळ कापून पुन्हा सरळ खोचा, वाकवू नका. नसेल तर नवीन मेंब्रेन घ्या, पण प्लसचंच. रबरी कीबोर्डचं यात बसत नाही. तोवर चालवायचं असेल तर केम्पस्टन इंटरफेस (जॉयस्टिक जोडायचा डबा) आणि जॉयस्टिक: त्याला कीबोर्डची गरज नाही, मात्र खेळाच्या मेनूत तो पर्याय असायला हवा.

खेळाबद्दल. हॅना-बार्बेराचा परवाना आणि सुमारे तीन पौंडांची किंमत, एवढ्यातच तो बसवायचा होता. चक्रव्यूहाचा खेळ स्पेक्ट्रमला शोभतो, कारण स्क्रीन ३२ बाय २४ चौकोनांची आणि प्रत्येक चौकोनात दोनच रंग. भिंती त्या चौकोनांवर बसवल्या की रंग सांडत नाहीत. पात्र मात्र पिक्सेलने सरकतं, म्हणून भिंतीला लागून गेलं की दोघांचे रंग एकमेकांत जातात. त्यात स्पेक्ट्रमकडे तपकिरी रंगच नाही, म्हणजे योगी टीव्हीवरचा दिसणार नाही. हे यंत्राचं बंधन आहे, त्यावरून कारागिरी मोजू नका.

मोजायचं ते वळण. चौकात पोचण्याआधी वळणाची कळ दाबून ठेवा. पात्र आपोआप वळलं तर लिहिणाऱ्याने काळजी घेतली आहे. नेमक्या पिक्सेलवर थांबावं लागत असेल तर चक्रव्यूह कितीही छान असो, दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. मी या कसोटीला ग्राफिक्सपेक्षा जास्त गुण देतो.

चौकटीच्या वहीत नकाशा काढा. रस्ता नाही, आधी बंद गल्ल्या टिपा. त्याच वेळ खातात. एम्युलेटरवर (आजच्या कॉम्प्युटरवर स्पेक्ट्रमची नक्कल करणाऱ्या फ्यूजसारख्या प्रोग्रॅमवर) खेळणार असाल तर मॉनिटर ५० हर्ट्झवर चालतो का बघा. ६० वर हालचाल मधेच अडखळल्यासारखी दिसते आणि वळण खेळामुळे चुकलं की मॉनिटरमुळे, ते कळत नाही. स्नॅपशॉट (एम्युलेटरमध्ये खेळाची स्थिती जतन करणं) दर चौकाला घेऊ नका, नवा भाग सुरू होताना एकच घ्या. क्यू-डब्ल्यू-ई-आर-टीच्या चाचणीत काय दिसलं ते आणि शेपटीच्या कनेक्टरजवळचा फोटो इथे टाका, मग कापायची की बदलायची ते सांगता येईल.